तळ्यातली दोरी

— नाय म्हणजे नाय. किती डाव सांगू? गाडी गार हाय, शीट मऊ हाय, समदं ऐकलं. श्रेया ना तू? माझ्या रामेश्वरच्या हापिसातली. बस त्या बाजंवर, चहा घे, पण मला लुगडं बदला म्हणू नको. — काय म्हणालीस? आईच्याच हातानं घोंगडी पांघरायची? त्याच्या सत्काराला, इस्टेजवर? अन् फोटूपुरतं त्याच्या हातात कोकरू द्यायचं? आत्ता माय! शिसारी येती बघ मला. कोकराच्या कानाशी भोंगे लावायचे, ते भिऊन मुतायचं, अन् तुमचे पाव्हणे हसत रुमाल हुडकायचे. अन् घोंगडी काय टावेल हाय का — घटकाभर खांद्यावर, मग गाडीच्या डिकीत?

दोरी बघायलीस व्हय? वळायलेय. अंबाडीच्या वाखाची. हात चालू राह्यला की तोंड आवरतं माझं — आवरायला पाहिजे, पण आज नाय आवरायचं.

तर तू मघाशी पत्रिकेतनं वाचलंस ते — मेंढपाळाचा पोरगा इंजिनेर झाला, नोकरी सोडली, कारखाना काढला, दुष्काळात गावाला पाणी दिलं — खोटं नाय त्यात काही. शहरात, औरंगपुऱ्यात खोली करून शिकला, हातानं भाकरी थापून खाल्ल्या, मग वाळूजची नोकरी, अन् ती बी सोडून शेंद्र्याला पत्र्याच्या शेडात कागद करायला लागला. कागद म्हणजे लिव्हायचा नाय, तुला ठाऊकच हाय, तळ्यात आंथरायचा, पलाश्टिकचा — पाणी मुरू नये म्हणून. दुष्काळ पडला की आमची लोकं मेंढरं बाजारात न्यायची अन् ह्याची एक शेड वाढायची. आता बिडकीनला बी जागा घेतली म्हणं. शहर वाढलं, ह्यो वाढला. वाढू दे! माझं लेकरू हाय, मला काय त्याचं दुखतंय?

मग लातूरला रेल्वेनं पाणी नेलं ना, त्या साली आला गावात. गायरानात, जिथं आमची मेंढरं बसायची, तिथंच तळं खणलं — पदरमोड करून, कुणापुढं हात न पसरता. गावानं हार घातले, म्या बी घातला. ते पाणी मी आजबी पिते, खोटं कामून बोलू? पण खणतानी म्या त्याला म्हणलं, रामेश्वर, एका अंगाला उतार ठेव बाबा, जित्राब प्यायला येईल. तर हसला. “बाई,” म्हणला — मला बाईच म्हणतो तो — “उतारानं पाणी कमी मावतं, अन् खुरानं कागद फाटतो. जित्राबाला हौद बांधू.” बांधू म्हणला, बरं का! आता दुसऱ्या एखाद्या इंजिनेराला नसंल कळत, सोड. पण ह्यो मेंढरामागं हिंडून मोठा झालेला. मेंढराला पाणी दावावं लागत नाय, वासानं जातं. अन् पुढचं एक गेलं की मागचं इचारीत नाय, पुढं काय झालं म्हणून. हे त्याला मी शिकवावं व्हय?

गेलंच की मग. हौद कागदावर, अन् मेंढरं तहानेली. म्होरकी मेंढी प्यायला वाकली, घसरली, अन् मागची तिच्यामागं — पटापटा, जशी काय आतच चारा हाय. सांडू व्हता त्यांच्यासंगं, माझा धाकटा दीर. काठी अन् घोंगडी काठावर टाकली अन् उतरला — काय म्हणालीस? पोहता येत नव्हतं? अगं, इहिरीत उड्या टाकणारा गडी तो! पण पोहून काय करतो? हात लावावा तिथं घसरतं. कागद लई चांगला ना ह्याचा. तूच वाचलंस की मघाशी, पाझरत नाय, खरचटत नाय. खरंय. सांडूनं नखं लावली असतील, तरी खरचटला नाय.

रामेश्वर? आला ना, काकाच्या मातीला आला, लई रडला. मग तार लावली समदीकडून, लाल पाटी लावली, धोका म्हणून. मेंढरं वाचत्यात का पाटी? दहाव्याला म्या पुन्हा म्हणलं, आतातरी उतार काढ. “बघू,” म्हणला. तवापासून तळ्याकडं पाय नाय त्याचा. घरी येतो, ह्या बाजंवर बसतो, फोनवर बोलतो, जातो. आज तर ते बी नाय — तुला धाडलं. तो सोता आला असता तर मी… जाऊ दे. तू चहा पी, गार व्हायलाय.

व्हय, ही दोरी तळ्यासाठीच. बांधावर म्या खुंटा ठोकलाय, त्याला बांधायची अन् आत सोडायची, वीतवीतभर अंतरानं गाठी मारून. माणूस पडलं तर धरायला. उन्हानं सडती, म्हणून दर उन्हाळ्यात नवी. — नायलॉनची? ती ओल्या हातातून निसटती, बाई. तुम्हा लोकांना समदं गुळगुळीतच लागतं बघ.

तो बॅनर दावते म्हणलीस ना? उलगड. अंगणातच आंथर, धोंडे ठेव कोपऱ्यावर. — चांगलाय. फेटा शोभतो त्याला. बापावर गेलाय. हे मागं तळं व्हय? निळंशार… हे आमचं तळं नव्हं. हायच म्हणतीस? व्हय, हा बांध, हा माझा खुंटा. मग दोरी कुठंय? अगं दोरी असती इथं, ह्या खुंट्याला. — पुसली? कम्पूटरवर? बरी दिसत नव्हती म्हणून? कुणी सांगितलं पुसायला? … सोता? साहेबांनी सोता बोट ठेवलं तिच्यावर? अन् कशाची दोरी, कुणी बांधली, हे नाय इचारलं तुम्हाला? नाय इचारलं.

म्हणजे ठाऊक हाय त्याला.

गुंडाळ. गुंडाळ म्हणते ना! थू असल्या घोंगडीवर. त्याला सांग, बाईनं इचारलंय — दोरी पुसलीस, मग खुंटा कामून ठेवलास? जा आता. सरक तिकडं, मला गाठ मारू दे.