एक मुहूर्त, दोन नवऱ्या

मंडळी, ऐका! टाळ जरा खाली ठेवा. मृदंगवाले, तुम्हीही हात पुसून घ्या. मीही चिपळ्या ठेवतो. एक प्रश्न विचारतो, उत्तर मनातच द्या — शेजाऱ्याकडे बघू नका! दारात येईल त्याला 'हो' म्हणणारा माणूस चांगला, की एखाद्याला तोंडावर 'नाही' म्हणणारा?

'हो' म्हणणारा! असंच आलं ना मनात? येणारच. मग चला कऱ्हाडला — बसल्या जागेवरूनच चला, उठलात तर मागचे येऊन बसतील!

कऱ्हाडला डुबल अण्णांचं मंगल कार्यालय. लग्नाच्या तारखा द्यायचं काम सुलभाताई करपे यांच्याकडे. बाई नेटकी. बावीस वर्षं एकच वही. मुहूर्त सांगा, ताई पान उलटणार, चष्म्यावरून बघणार आणि म्हणणार, "आहे" किंवा "गेली." संपलं! पुढे अण्णांनी पसारा वाढवला. एक संगणक कार्यालयात, एक साताऱ्याच्या कचेरीत, एक अण्णांच्या घरी. आणि वहीच्या जागी आली एक फाईल! तिघांनी तीच उघडायची, आणि जो शेवटी सेव्ह करील त्याचंच खरं. आधीच्याचं काय? पुसलं! कुणाला कळलं? कुणालाच नाही!

मग व्हायचं तेच झालं. वैशाखात, गोरज मुहूर्तावर, दारात दोन वऱ्हाडं. दोन नवऱ्या! हसलात? हसा. पण त्यातली एक पाटणच्या शेवंताबाईंची लेक होती. फाईलमध्ये नाव निघालं दुसरीचं, आणि हिचं लग्न लागलं शेजारच्या शाळेच्या पटांगणात. पाहुणे पत्रावळ मांडीवर धरून जेवले. शेवंताबाई भांडल्या नाहीत. सुलभाताईंसमोर येऊन एवढंच म्हणाल्या, "ताई, तुम्ही हो म्हणाला होतात ना?"

ताईंना ते फार लागलं. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. दुसरं नाव कुणी घातलं हे त्यांना ठाऊक होतं, पण बोलल्या नाहीत. दोष मुकाट्याने अंगावर घेतला.

अण्णा म्हणाले, "ताई, चांगला डेटाबेस घेऊ. निवडा तुम्हीच. पण पुन्हा दारात दोन नवऱ्या आल्या, तर तुमची खुर्ची गेली म्हणून समजा!"

आता डेटाबेस म्हणजे काय? ते बघा, खांबापाशी बसलेले आजोबा विचारतायत. आजोबा, डेटाबेस म्हणजे सगळ्यांत मिळून एक वही, आणि त्या वहीवर बसवलेला राखणदार. त्यातून हा नात्यागोत्याचा प्रकार — तारीख हॉलला बांधलेली, हॉल स्वयंपाकघराला, स्वयंपाकघर यजमानाला. एक ओढलं की दुसरं हलतं. तुमच्या-आमच्या घरासारखंच की!

दोन कंपन्यांची माणसं आली. ताईंनी तीन संगणक मांडले. एकावर स्वतः, एकावर अण्णा, एकावर आचारी गेनूभाऊ. "तारीख एकच घ्यायची. मी तीन म्हटलं की सगळ्यांनी एकदम बटण दाबायचं."

पहिल्या कंपनीचा पडदा रंगीत. एक, दोन, तीन! तिन्हीकडे फुलं पडली — "अभिनंदन! आपली तारीख पक्की!" अण्णा खूश. "बघा, किती गोड बोलतं!" ताईंनी यादी उघडली. नाव एकच — गेनूभाऊंचं! "म्हणजे अण्णा," ताई म्हणाल्या, "तुमचं वऱ्हाड पटांगणात, आणि माझंही."

दुसऱ्या कंपनीचा पडदा साधा, राखाडी. एक, दोन, तीन! ताईंना "पक्की." गेनूभाऊंना "गेली." अण्णांना — "गेली."

ताई एवढ्यावर थांबतात काय! त्यांनी दुसरी तारीख घ्यायला लावली. हॉल लिहून झाला, स्वयंपाकघर लिहायचं राहिलंय — आणि बाईंनी प्लगच उपटला! कंपनीचा माणूस पांढरा पडला. पुन्हा चालू केलं, तर त्या अर्ध्या नोंदीचा मागमूस नाही. ताईंनी मान डोलावली. "हॉल आहे आणि चूल नाही, असं लग्न लागतं का? घ्यायचं तर सगळं घ्या, नाहीतर काहीच नको. हेच बरोबर."

पण अण्णांचं लक्ष कुठे होतं? त्यांच्या पडद्यावर मघाशी आलेलं ते "गेली" त्यांच्या डोक्यातून जाईना!

"माझ्याच कार्यालयात मला नाही? चार ठिकाणी उठबस आहे माझी. बारशाला गेलं तरी कुणीतरी शब्द मागतो! मालकासाठी मागचा दरवाजा ठेवा एक."

कंपनीचा माणूस म्हणाला, "ठेवू की, साहेब!" बघा मंडळी, इथेही 'हो'च!

ताई उठल्या. कपाटाच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या. खुर्ची जाणार हे कळत होतं. "अण्णा, तो दरवाजा मागच्या वेळीही होता. शेवंताबाईंचं नाव मी लिहिलं होतं. त्या दिवशी तुम्ही बारशाहून आलात, आणि घरच्या संगणकावरून त्याच तारखेवर दुसरं नाव घातलंत. दरवाजा हवाच असेल तर पहिल्या कंपनीचंच घ्या, ते गोड बोलतं. मला मात्र पुन्हा कुणाच्या आईला तोंड दाखवता येणार नाही."

अण्णांनी किल्ल्यांकडे पाहिलं. म्हणाले, "तेव्हाच का नाही बोललात?"

"मीही हो म्हणत आले ना, अण्णा. बावीस वर्षं."

अण्णांनी किल्ल्या ताईंकडे सरकवल्या. कंपनीच्या माणसाला म्हणाले, "हेच घेऊ. दरवाजा नको. मालकालाही रांगेत उभं करा."

झालं! कार्यालयाचं भागलं. आपलं काय? येत्या रविवारची संध्याकाळ आपण कुणाकुणाला दिली आहे? बायकोला बाजार, मित्राला जेवण, आईला दवाखाना — तिघांनाही "पक्की"! आणि रविवारी पटांगणात कोण उभं असतं, ते कधी वळून बघितलंय?

ज्याने एकच वेळ दोघांना दिलेली नाही, त्याने टाळ उचलावा.

उचला की!

कुणीच नाही? बरं. आत्ता, याच वेळेला, नदीपलीकडच्या देवळात मंडळी माझी वाट बघत बसली आहेत. त्यांनाही मी हो म्हटलं होतं. माझ्याही चिपळ्या खालीच आहेत.