ओळंब्यासमोर शोभाताईंची विनवणी

आदरणीय अध्यक्ष पाळकसाहेब, व्यासपीठावरील पंच कमिटीचे वडीलजन, महिला मंडळाच्या कामिनीताई, आजच्या सत्कारमूर्ती शोभाताई, आणि चिवड्याचा वास आला तरी जागा न सोडणाऱ्या माझ्या बंधुभगिनींनो,

शोभाताई निवृत्त होऊन पारशिवनीला राहायला चालल्या आहेत. धरमपेठेतली आपली गुरुवारची घरसभा त्यांनी कशी चालवली, हे मी सांगावं असा कमिटीचा आग्रह. ही सभा आधी माझ्याकडे होती. माझ्या काळात मंडळी येत, घड्याळ पाहत आणि जात. ताईंच्या काळात चपला जिन्यापर्यंत येऊ लागल्या. त्या चपला पाहून मला आनंद झाला, असं मी म्हणू का? पाळकसाहेब बसले आहेत, खोटं कसं बोलू?

एका गुरुवारी बायबलातल्या आमोस संदेष्ट्याचा धडा होता. देव त्याला न्यायाचे दृष्टांत दाखवतो. आधी टोळधाड, मग अग्नी. दोन्ही वेळा आमोस गयावया करतो: हे लोक लहान आहेत, कसे टिकतील? आणि देव थांबतो. तिसऱ्यांदा देव भिंतीपाशी ओळंबा धरून उभा दिसतो. भिंत सरळ आहे का ते पाहायची गवंड्याची दोरी, तीच. या वेळी आमोस विनवणी करत नाही. का?

हा प्रश्न मीच विचारला होता. खरं सांगायचं तर ताई अडखळाव्यात म्हणून. उत्तर माझ्याकडे तयार होतं.

ताई म्हणाल्या, "मले नाही माहीत भाऊ, तुम्हीच सांगा."

मी सांगितलं, देवाची सहनशीलता संपली होती. सगळ्यांनी माना हलवल्या. तेवढ्यात सभेला येणाऱ्या बायजाबाईंनी मलाच धरलं, "मंग आपल्यासाठी कोण बोलन गा?"

मी टिपणं चाळू लागलो. ताई चहा गाळता गाळता म्हणाल्या, "बायजाबाई, दोरी लागली का आपलीबी भिंत कललेली दिसते वं. आमोसले त्याची सोताची दिसली असन. मंग कोणाची शिफारस करन तो?"

ताईंचं म्हणणं शास्त्राला धरून आहे का, यावर आजही वाद घालता येईल. मी घरी जाऊन घातला, एकट्याने. पण मनात एकच होतं: हे मला का सुचलं नाही?

आता मूळ गोष्ट. ही सभा पुढे कोणाकडे द्यायची, ते पाळकसाहेब चहानंतर जाहीर करतील. मला ती हवी आहे. फार हवी आहे. गेल्या रविवारी कमिटीचे मारोतराव चर्चच्या फाटकाशी भेटले. म्हणाले, "अंकुशभाऊ, तुमचं नाव कटूनच राहिलं होतं. शोभाताईनं वाचवलं."

"काय म्हणाल्या?"

"म्हणे, लहान आहे तो, कसा टिकन? एक मौका द्या त्याले."

मी सेहेचाळीस वर्षांचा आहे! माझ्यासाठी विनवणी करायचा मानही ताईंनीच घ्यावा? आठवडाभर ठरवत होतो, इथे उभं राहून सांगायचं: ताईंची शिफारस बाजूला ठेवा, माझी योग्यता पाहून निर्णय घ्या. भाषण तसंच लिहून आणलं आहे, खिशात आहे.

पण मघाशी ताईंना शाल दिली तेव्हा तुम्ही सगळे उभे राहिलात, आणि टाळ्या वाजवताना मी तुमच्याकडे बघत होतो, कोण किती जोरात वाजवतो ते. दोरी तेव्हाच लागली. योग्यता पाहायला सांगणारा मी कोण?

म्हणून पाळकसाहेब, एवढंच मागतो. ताईंची विनवणी राहू द्या. मी लहान आहे.

ताई, तुमचा हेवा न करता तुमच्यासाठी प्रार्थना करता आली, की पारशिवनीला येऊन सांगेन. आज अजून जमत नाही.

बोलायची संधी दिलीत, सर्वांचा आभारी आहे. बोलण्यात मी कुठे कललो असेन तर आज सांभाळून घ्या. ओळंबा गुरुवारी लावा.