दार उघडण्याचा टेक

(डबिंग स्टुडिओ. काचेच्या आत माइकसमोर बाई. काचेबाहेर तरुण दिग्दर्शिका आणि केस पिकलेला रेकॉर्डिस्ट.)

बाई : अजून किती वेळा मरायचंय मला?

दिग्दर्शिका : दोनदाच, बाई. गोळीनं झालं, विहिरीत पडून झालं, आगीत झालं. आता घोड्याच्या टापांखाली आणि डायनामाइटनं.

बाई : डायनामाइटनं मरताना माणूस ओरडतो कधी? वेळ कुठे असतो त्याला?

दिग्दर्शिका : छोटंसं ‘आई गं’ चालेल.

बाई : पंचेचाळीस वर्षं आवाजावर पोट भरतेय, पण इतक्या हौसेनं मला कुणी मारलं नव्हतं. माझ्या सासूबाईंनाही एवढं सुचलं नसतं.

रेकॉर्डिस्ट : विहिरीतलं मरण मात्र फर्स्ट क्लास झालं, बाई. मी इथे खुर्ची धरून बसलो होतो.

बाई : तू गप्प बस. रेडिओवर नवीन लागलास तेव्हापासून माझ्या प्रत्येक मरणाला फर्स्ट क्लासच देतोयस.

दिग्दर्शिका : उरलेली मरणं नंतर घेऊ. आधी शेवटचं मिशन करू या का? गोष्ट सांगते.

बाई : सांग, सांग. तीनदा मेल्यावर का होईना, गोष्ट कळतेय.

दिग्दर्शिका : काऊबॉयचा व्हिडिओ गेम आहे. वाळवंट, घोडे, बंदुका. खेळणारा म्हणजे एक म्हातारा दरोडेखोर. शेवटी तो जखमी होऊन बायकोच्या झोपडीपाशी येतो. वीस वर्षांपूर्वी ‘आठ दिवसांत येतो’ सांगून गेलेला. मागे शेरीफची माणसं लागलीत. तो दार वाजवतो. तुम्ही आत.

बाई : वीस वर्षांनी पत्ता सापडला? हुशार आहे हो.

दिग्दर्शिका : तुमच्या दोन ओळी आहेत. एकीत तुम्ही दार उघडत नाही, दुसरीत उघडता. कुठली वाजणार, ते खेळणाऱ्यावर. त्यानं आधी फार माणसं मारली असतील तर दार बंद. कमी मारली असतील तर उघडतं.

बाई : कमी म्हणजे किती?

दिग्दर्शिका : चाळीसच्या आत.

बाई : अरे वा! एकोणचाळीस खून आणि वर सज्जन नवरा. आमच्या वेळी आमटी खारट झाली तरी माहेरी धाडायचे.

दिग्दर्शिका : त्याची ओळ हेडफोनमध्ये वाजेल, त्यावर तुम्ही बोलायचं. वाजवा हो.

रेकॉर्डिस्ट : एक मिनिट. बाई, मला आधी जरा सांगायचं होतं…

बाई : नंतर सांग. वाजव.

हेडफोनमधला आवाज : दार उघड. मी आलोय.

दिग्दर्शिका : बाई? ऐकू आलं ना?

बाई : हा कोण आहे?

रेकॉर्डिस्ट : ओळखलंत तुम्ही.

बाई : ओळखलं म्हणूनच विचारतेय.

दिग्दर्शिका : ते सर गेल्या आठवड्यात येऊन गेले. तुमचं नाव त्यांनीच सुचवलं. का? काही प्रॉब्लेम आहे का?

बाई : प्रॉब्लेम कसला? दार न उघडायची ओळ आधी घेऊ. पुन्हा वाजव.

हेडफोनमधला आवाज : दार उघड. मी आलोय.

बाई : गेलास त्याच वाटेनं परत जा. इथे तुझं कुणी राहत नाही.

दिग्दर्शिका : बापरे. अंगावर काटा आला. एका टेकमध्ये!

बाई : तालीम झाली होती. वीस वर्षं.

दिग्दर्शिका : आता दुसरी. फक्त एक शब्द आहे, ‘ये’. मग कडी निघते.

बाई : ये.

दिग्दर्शिका : जरा कोरडं झालं. अजून एक.

बाई : ये!

दिग्दर्शिका : बाई, नवरा आहे तो. दारावर झाडू विकायला आलेला माणूस नाही.

बाई : झाडूवाल्याला मी बस तरी म्हटलं असतं. घे पुढचा. ये…

दिग्दर्शिका : हा तिसरा टेक, बाई. मघाशी विहिरीत पडताना जास्त माया होती आवाजात.

बाई : विहिरीनं माझं काही वाकडं केलं नव्हतं. हे बघ, मुली, ही ओळ माझ्याच्यानं व्हायची नाही. दुसरी कुणी बोलव. चष्म्याचं घर कुठे ठेवलं मी?

दिग्दर्शिका : अहो, असं काय करता? आज संध्याकाळी आवाज पाठवायचे आहेत! त्यांनी तुमचं असं केलं तरी काय?

बाई : विचार याला. हा होता तिथे.

रेकॉर्डिस्ट : रविवारचं रेडिओ नाटक असायचं. बावीस वर्षं त्यात बाई आणि सर नवरा-बायको. लोक पत्रं पाठवायचे, वहिनींना नमस्कार सांगा म्हणून. खरे नवरा-बायकोच समजायचे.

बाई : माझे यजमान पत्रं वाचून हसायचे. बिचारे.

रेकॉर्डिस्ट : एका रविवारी नाटक थेट जाणार होतं, आणि सर आलेच नाहीत. टीव्हीवर काम मिळालं म्हणून गेले. ना निरोप, ना चिठ्ठी.

दिग्दर्शिका : मग?

बाई : मग काय? लाल दिवा लागला. मी अर्धा तास एका बंद दाराशी बोलले. पलीकडे नवरा उभा आहे आणि तोंडातून शब्द काढत नाहीये, असं धरून. लोकांनी लिहिलं, काय नवा प्रयोग केलात हो! डोंबलाचा प्रयोग. घसा सुकला होता माझा. आणि त्याचा वीस वर्षांत एक फोन नाही.

दिग्दर्शिका : मला खरंच माहीत नव्हतं, बाई.

बाई : तुला कसं असेल? तू तेव्हा दुधाच्या दातांत होतीस.

दिग्दर्शिका : बरं, आपण पाच मिनिटं थांबू. तोवर, सरांच्या ट्रॅकवरचा तो आवाज तेवढा काढून टाका हो. अंगठी लागतेय माइकच्या स्टँडला. दोनदा टकटक होतंय.

बाई : कुठली टकटक?

रेकॉर्डिस्ट : ओळीनंतरची. तुम्हाला वाजवताना मी ओळीपाशीच कापत होतो.

बाई : का?

रेकॉर्डिस्ट : तुम्ही उठून जाल म्हणून.

बाई : तशीही मी चाललेच आहे. वाजव.

हेडफोनमधला आवाज : दार उघड. मी आलोय.

रेकॉर्डिस्ट : आणि ही बघा. टक, टक.

दिग्दर्शिका : काय आहे ते?

बाई : तुझ्या कामाचं नाही.

रेकॉर्डिस्ट : मी सांगतो. थेट नाटकात सर एखादं वाक्य विसरले की अंगठीनं दोनदा स्टँड वाजवायचे. म्हणजे, विसरलोय, सावरून घे. ऐकणाऱ्याला वाटायचं कपबशी वाजली. आणि बाई सावरायच्या. दर वेळी.

बाई : दर रविवारी म्हण. पाठांतराच्या नावानं आनंद होता. पण आत्ता विसरायला होतं काय? ‘दार उघड, मी आलोय.’ चार शब्द!

रेकॉर्डिस्ट : चारच होते, पण त्यासाठी दोन तास लागले. मुलगी घेऊन आली होती त्यांना. आता राहत नाही त्यांच्या लक्षात. मी एकेक शब्द सांगत होतो. मध्येच मला विचारलं, आज रविवार ना?

बाई : आणि माझं नाव बरं राहिलं लक्षात.

रेकॉर्डिस्ट : तेवढंच. ओळ संपली, मग टकटक केली आणि काचेकडे न बघता समोरच्या रिकाम्या माइककडे बघत उभे राहिले. मी म्हटलं, सर, समोर कुणी नाही, इथे एकेकट्याचंच रेकॉर्डिंग असतं. तर म्हणाले, थांब जरा, ती बोलेल.

बाई : किती वेळ उभा होता?

रेकॉर्डिस्ट : मुलीनं हात धरून नेईपर्यंत.

बाई : म्हणजे मी केलं तेच. फक्त माझा अर्धा तास लोकांनी ऐकला तरी.

दिग्दर्शिका : बाई, राहू दे. दार न उघडायची ओळच दोन्हीकडे टाकते. चाळीसच्या आतल्यांनाही बंद दार मिळेल. मी वर समजावीन.

बाई : फार शहाणी आहेस. बस खाली. मी बोलताना दिसते का पडद्यावर?

दिग्दर्शिका : नाही, दाराच्या आत असता. ओठ जुळवायचे नाहीत.

बाई : मग ओळ लांबली तर चालेल?

दिग्दर्शिका : थोडीशी. पण लिहिलेला शब्द एकच…

बाई : लिहिणाऱ्याला माझा नमस्कार सांग. आणि तू, ती टकटक काढायची नाही. ओळीपाशी कापायचंही नाही. पूर्ण वाजव.

रेकॉर्डिस्ट : वाजवतो, बाई. लाल दिवा लागलाय.

हेडफोनमधला आवाज : दार उघड. मी आलोय.

(टक, टक.)

बाई : ये. पुढचं मी सांभाळते.