रिठ्याचं पाणी

त्वचेच्या डॉक्टरांकडे नंबर लावून बसलो होतो. पुढच्या बाकावर एक लाँड्रीवाल्या बाई मांडीवर बाटली घेऊन बसल्या होत्या. शेजारच्या मुलीला राहवलं नाही.

"मावशी, बाटलीत काढा आहे का?"

"रिठ्याचं पाणी आहे गं, कपडे धुवायचं. रिठे फोडायचे, बिया काढायच्या, भिजवून उकळायचे, कुस्करून गाळायचे. झालं!"

"फेस येतो का?"

"बेताचाच येतो. तुला फेस नेसायचाय की साडी?"

"आणि डाग?"

"डाग हट्टी असला तर मी त्याच्याहून हट्टी आहे. तीन हॉटेलांच्या चादरी धुते. एक तरी परत आली का, विचार जाऊन."

"मग इथं कशा आलात?"

"वीस वर्षं पावडरीनं हात फुटायचे, रक्त यायचं. हे डॉक्टर म्हणाले, बाई, धंदा सोडा."

"सोडलात?"

"पावडर सोडली. हे बघ हात."

"अय्या, किती मऊ! मग आज औषध कशाचं?"

"कशाचंच नाही. फी भरलीय. आत जाणार, टेबलावर ही बाटली ठेवणार, शेजारी दोन्ही हात ठेवणार आणि गप्प बसणार. आज काय बोलायचं ते त्यांनी बोलावं."