काका यायच्या आत प्लग काढा

सन्माननीय अध्यक्षसाहेब, व्यासपीठावरचे पाहुणे, समोर बसलेले वादक आणि दुरुस्तीवाले, आणि खुर्च्या कमी पडल्या म्हणून भिंतीला टेकलेले माझे दोस्त, सगळ्यांना नमस्कार.

आपले सत्कारमूर्ती, म्हणजे आमचे काका, गिटार आणायला घरी गेलेत. तोवर मला सांगितलंय, चार शब्द बोल. तर चार शब्द असे आहेत: मी अँप उघडला होता.

हो, हाच. फुलं ठेवलेला, गिटारचा आवाज मोठा करणारा, जुन्या काचेच्या व्हॉल्व्हचा, काकांनी तरुणपणी दुरुस्त केलेला पहिला अँप. आज त्यांना भेट द्यायचाय आणि ते त्यावर वाजवणार आहेत. सकाळी काकांच्या दुरुस्तीच्या दुकानात कोणी नव्हतं. मला आत एक चिमुकला स्पीकर लपवायचा होता. काकांनी गिटारची पिन घातली की आतून, मी काढलेल्या त्यांच्या आवाजात त्यांचाच रोजचा ओरडा येणार, "दुसरा हात खिशात घाल रे गाढवा!"

हसू नका, गंमत तिथेच संपली. स्पीकर बसेना, म्हणून मी अर्थिंगच्या वायरीचा नट काढला. लावतो म्हटलं नंतर. तेवढ्यात फुलवाला आला. आणि आत्ता रुमालासाठी खिशात हात घातला, तर हातात हा नट!

ताई, प्लग काढ. नुसतं बटण नको, भिंतीतून प्लगच काढ.

ही माझी थोरली बहीण. काकांच्या हाताखाली आम्ही दोघं शिकलो, शिकली ती. काय म्हणालीस? "मेल्या, सगळ्यांसमोर सांगायचं होतं का?" मग काय काकांना झटका बसल्यावर सांगू?

अध्यक्षसाहेब, मघाशी आपण बटण दाबलंत, दिवा लागला, टाळ्या पडल्या. आपला दुसरा हात अँपच्या लाकडी खोक्यावर होता, त्या लाकडाचे आभार. जुन्या ट्रान्सफॉर्मरमधून करंट गळायला लागला आणि अर्थिंग नसेल, तर आतला पत्र्याचा सांगाडा अख्खा जिवंत होतो. तिथून गिटारच्या तारा. काका एका हाताने तारा धरणार आणि नमस्कार म्हणायला ओठ माइकला लावणार, आणि माइक अर्थला जोडलेला. पुढचं माझ्याच्याने बोलवत नाही.

"अरे मग लाव ना पटकन!"

बेसवाले दादा, पटकन हा शब्द काकांसमोर काढला असतात तर दुकानाबाहेर उभे असता. प्लग काढला तरी आतले वीज साठवणारे कपॅसिटर भरलेले राहतात. साहेबांनीच मघाशी भरून ठेवलेत. ते आधी रेझिस्टर लावून सावकाश उतरवायचे. स्क्रूड्रायव्हर टेकवून ठिणगी पाडणारे बहाद्दर इथेही बसलेत, मी बघत नाही तुमच्याकडे. आणि दुसरा कुणी "रिकामे केलेत" म्हणाला तरी आपला मीटर लावायचाच. मी एकदा चिडून विचारलं होतं, "काका, माझ्यावर विश्वास नाही?" म्हणाले, "तुझ्यावर आहे रे. तुझ्या आठवणीवर नाही."

ताई, एक हात पाठीमागे, करंट छातीतून जायला नको. मीटर किती दाखवतोय? अजून साठ व्होल्ट? थांब मग.

साहेब, जरा पाय... आभारी आहे. नट पडला. आपल्या खुर्चीखाली. नको नको, आपण कशाला वाकताय... मिळाला? काय सांगू साहेब!

शून्य आला? नक्की? परत लाव मीटर. हां. आता नट आवळ, आणि प्लगच्या अर्थपिनपासून पत्र्यापर्यंत मीटर लावून बघ, जोड लागलाय का. वाजला! ऐकलंत मंडळी? तो पिंऽऽ आवाज! माझा जीव आत्ता भांड्यात पडला. स्पीकर राहू दे ना गं. बरं बाई, काढ.

कोण आलं? काकांची स्कूटर? आली?

मंडळी, काकांबद्दल खूप बोलायचं होतं. त्या माणसाने मला कितीदा तरी हाकललं आणि दर वेळी संध्याकाळी घरी येऊन विचारलं, "उद्या येतोस ना?" तेवढंच सांगतो.

आपण ऐकून घेतलंत, साहेब माझ्यापायी वाकले, फार उपकार झाले. कमीजास्त बोललो असेन तर पोर म्हणून पोटात घाला, आणि बाकीचंही पोटातच ठेवा. हात जोडतो, पाया पडतो, काकांना कुणी सांगू नका. झाकणाचे दोन स्क्रू राहिलेत. काका दारात दिसले की टाळ्या वाजवा, जोरात, आणि ताई उठून उभी राहीपर्यंत थांबू नका!