युरिया, जिवाणू आणि मधला मी

...आणि वर मलाच विचारतात, तुम्ही काय केलंत? अहो, मी काय करणार? तुम्हाला सांगतो, ज्याच्या घरात दोन-दोन शेतीतज्ज्ञ, त्यानं गप्प बसायचं, ते मी केलं! पण उपकार आहेत हो दोघांचे, नाही म्हणणार नाही.

दोघं म्हणजे एक आमचे वडील, हिंमतराव, सगळे आप्पा म्हणतात. दुसरी आमची सौ., सत्यशीला. आणि भांडण कशावरून? पुण्याच्या खराडीतल्या आमच्या रानाच्या शेवटच्या तुकड्यावरून! बाकी रानावर काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, घर झालं, गाडी आली, तक्रार नाही. एक तुकडा राहिला, त्यात गहू. तर धाकटा भाऊ दिग्विजय म्हणाला, "दादा, यंदा वर्षाचा गहू निघाला नाही, तर रान पार्किंगला देऊन टाकू." झालं! आप्पांचं जेवणच कमी झालं. सकाळी उठून त्या बांधावर बसायचं, एवढंच त्यांचं उरलंय... तेही गेलं तर म्हातारा बसणार कुठं? लिफ्टमध्ये?

आता आप्पा पक्के युरियावाले. "युरिया टाकला की रान हिरवंगार! डोळ्याला दिसतंय की!" आणि सौ. कुठल्याशा शेतकरी मेळाव्यातून जिवाणू खत घेऊन आली. म्हणजे काय, तर पुडीत काळी भुकटी! "यातले जिवाणू हवेतला नत्र घेऊन गव्हाला देतात, आप्पा. नुसत्या युरियानं जमीन दमलीय." आप्पा म्हणाले, "हवेतनं? मग खताची दुकानं कशाला काढली लोकांनी?"

पुडी थंड जागी ठेवायची म्हणून हिनं ठेवली मोरीतल्या फळीवर. सकाळी बघतो तर काय... आप्पांच्या तळहातावर काळी भुकटी, त्यात बोट, तोंड उघडं! दंतमंजन समजले हो! सौ. किंचाळली, "आप्पा, जिवंत आहेत ते!"

अहो, आप्पा माळकरी! मुंगी दिसली तर उचललेलं पाऊल तसंच धरून ठेवणारा माणूस. तसेच उभे. हळूच म्हणाले, "जित्ते हायेत? किती?" "कोट्यवधी!" त्यांनी तळहात पुडीवर असा अलगद झटकला, अगदी अलगद... आणि नंतर तोंड नुसत्या पाण्यानं धुतलं.

मग बियाणं आलं. गुळाच्या पाण्यात भुकटी कालवायची, गव्हाला चोळायची, सावलीत सुकवायची. सावली! खराडीत झाडं ठेवलीत का कुणी? सावली एकच, त्या कंपनीच्या इमारतीची. तिथं पोती पसरली. आता सावली सरकणार, तिच्यामागं पोती ओढायची कुणी? मी! गळ्यात ओळखपत्राचे पट्टे अडकवलेली कंपनीतली पोरं जेवणाच्या सुट्टीत फोटो काढतायत, वॉचमन विचारतोय, "अंकल, ये क्या सुखा रहे हो?" काय सांगू, कोट्यवधी जीव? उपकार आहेत हो दोघांचे!

पेरणी झाली. आप्पांनी मला बाजूला घेतलं, "सर्जेराव, युरिया निम्माच टाकलाय. लई कडक असतंय ते, बारकी लेकरं मरायची. पर सूनबाईला सांगू नगंस, डोक्यावर बसंल." बरं म्हटलं. पहिल्या पाण्याच्या वेळी सौ.नं मला बाजूला घेतलं, "अहो, गहू फिका पडलाय. आप्पांनी माझ्या जिवाणूंसाठी हात आखडलाय, मला का कळत नाही? थोडा युरिया मीच देऊन येते. रान गेलं तर ते कुठं बसतील? पण त्यांना सांगू नका हं, मिरवतील!" बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार? तुम्ही असता तर काय म्हणाला असता?

आणि गहू काय आला म्हणता! वर्षाचा होऊन उरला. पार्किंगवाला दिग्विजय स्वतः पोतं घेऊन गेला, वर विचारतो, "दादा, पुढच्या वर्षी जरा जास्त पेरायचा का?" मेळाव्यातले साहेब म्हणाले, हेच तर आम्ही सांगतो, दोन्ही खतं वापरा, युरिया जरा कमी करा. सांगतात हो! पण आमच्याकडे ते सांगून नाही झालं, लपवून झालं.

नव्या गव्हाची पहिली पोळी आप्पांच्या ताटात पडली. आप्पा म्हणाले, "सूनबाई, तुझ्या लेकरांनी रान राखलं." ही म्हणाली, "छे हो आप्पा, तुमच्या युरियानं." मी आपली आणखी एक पोळी वाढून घेतली. खरंच सांगतो, अशी माणसं घरात असायला नशीब लागतं. आप्पा आता पुन्हा दोन पोळ्या खातात, सकाळी बांधावर बसतात. उपकार आहेत हो दोघांचे, आयुष्यभर विसरणार नाही!

फक्त एक झालंय... दोघांचं आता जमलंय. आणि दोघांनी मिळून ठरवलंय, यंदा शेणखतही घालायचं. ते कात्रजच्या गोठ्यातून आणायचं... माझ्या नव्या गाडीच्या डिकीतून!