पांगापांगीची परेड

(दुपार. बायको गणवेशाला इस्त्री करतेय, कॅप्टन मांडीवरच्या तान्ह्या लेकीला थोपटतोय.)

बायको : म्हणजे चारशे जण एकाच मैदानात?

कॅप्टन : हळू गं, आत्ता कुठे हिचा डोळा लागलाय. हो, चारशे. नवी युद्धपद्धती शिकवायचीय ना.

बायको : आणि ती काय म्हणते?

कॅप्टन : तिघांपेक्षा जास्त जणांनी एकत्र यायचं नाही. वर ड्रोन फिरत असतात, घोळका दिसला की संपलंच. पांगा, लपा, सावली धरा.

बायको : आणि हे शिकवायला सगळ्यांना उन्हात रांगेत उभं करणार?

कॅप्टन : जनरलसाहेबांना प्रात्यक्षिक बघायचंय. पांगलेले जवान मंचावरून दिसत नाहीत, म्हणाले.

बायको : अरे, दिसत नाहीत म्हणजे जमलं की!

कॅप्टन : तेच मी बोललो. तर म्हणे, दिसलंच नाही तर मी शेरा कशावर मारू?

बायको : मंचसुद्धा आहे?

कॅप्टन : लाल गालिचा अंथरणार होते. भांडून हिरवा करून घेतला.

बायको : मोठाच पराक्रम! आघाडीपासून किती लांब आहे मैदान?

कॅप्टन : आहे लांब.

बायको : माझ्याकडे बघून सांग.

कॅप्टन : अकरा किलोमीटर.

बायको : पुस्तिकेत तूच लिहिलंयस, त्यांचे ड्रोन पंधरापर्यंत येतात. प्रुफं मी तपासलीत, आठव्या महिन्यात, पाय सुजलेले असताना. दाखव ना ते पान साहेबांना!

कॅप्टन : दाखवलं. म्हणाले, पुस्तिका प्रकाशनानंतर लागू होते. आणि प्रकाशन त्याच मंचावर आहे.

बायको : देवा! तू आजारी पड. मी डॉक्टरांना फोन करते.

कॅप्टन : मग माझ्या जागी दुसरा कुणी येईल, आणि तासभर भाषणं होऊ देईल. मी ठरवलंय, साहेब गाडीतून उतरले की लगेच ओरडायचं, 'पांगा!' दोन मिनिटांत मैदान रिकामं.

बायको : साहेब खवळतील. बढती गेलीच समज.

कॅप्टन : जाऊ दे.

बायको : जाऊ दे. पण तू कुठे पांगणार?

कॅप्टन : सगळे झाडीत पोचेपर्यंत मी मैदानातच. आदेश देणारा शेवटी निघतो.

बायको : हे कुठल्या पानावर होतं? मला नाही आठवत.

कॅप्टन : कुठल्याच नाही.